कोण कुणाला किती पाठवतंय

८ जुलै, मंगळवार

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न उघडताच बाजूला टाकशील, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. पण तुझ्या फोनवर माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, आणि वहिनी म्हणाली, "पत्र लिहा. फाडायचं झालं तरी हातात घ्यावं लागतं." म्हणून लिहितेय. खुशाली विचारत नाही, तेवढं तोंड मला उरलेलं नाही. कामाचंच विचारते.

अतिदक्षता विभागातला पडदा पुन्हा जायला लागलाय.

तोच, सिस्टरांच्या टेबलावरचा मोठा. आठ खाटा, आठ हिरव्या रेषा. खाटेशेजारची छोटी यंत्रं चालू असतात, पण टेबलावर बसलेल्या सिस्टरला सगळं दिसतं आणि ऐकू येतं ते या पडद्यावरूनच. मागच्या महिन्यापासून तो मधूनच कोरा होतो. आधी दहा सेकंद, मग चाळीस, परवा दीड मिनिट. वार ठरलेला नाही. वेळ साधारण अकरा ते तीन. तेवढ्या वेळात माझा फोन वाजला की मी खुर्चीतून उठतेच, मग तो बँकेच्या जाहिरातीचा का असेना.

नेटवर्क कशानं तरी तुंबतंय एवढं नक्की. कशानं ते कळायला प्रत्येक मशीनवर ते छोटं साधन इन्स्टॉल करायला हवं. खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, टर्मिनलवर एक कमांड द्यायची आणि ओळी बघत बसायचं: कोण, कुणाला, किती पाठवतंय. तू मला शिकवलेलं पहिलं साधन. नाव लिहीत नाही, तुला माहीत आहे.

अधीक्षक म्हणाले, "नवीन काही टाकायचं नाही. मागच्या वेळचं आठवतंय ना?"

मी म्हटलं, "आठवतंय."

तेव्हा मोठ्या सिस्टर मध्ये पडल्या. "साहेब, मला प्रत्येक खाटेशी एकेक मुलगी उभी करावी लागतेय. किती दिवस करू?" मग त्यांनी सही केली.

माझ्या लॅपटॉपवर ते अर्ध्या मिनिटात बसलं. विभागाच्या नव्या सर्व्हरवरही एकाच ओळीत. चालवलं तर "परवानगी नाही". तारेवरचं ऐकायचं तर मालकाचा, म्हणजे अ‍ॅडमिनचा, हक्क हवा, हे मी घाबरल्यामुळे विसरले होते. तो देऊन चालवलं. आज एक वाजून दहा मिनिटांनी पडदा गेला तेव्हा मी त्या ओळींकडेच बघत होते. त्या सर्व्हरचा काही दोष नाही. त्याचे आकडे बिचारे कमी कमी होत शून्यावर आले. तो तुंबवत नाहीये, तो बुडतोय. तुंबवणारा दुसरा कुणीतरी आहे.

राहिले रिसेप्शनचे विंडोजवाले तीस संगणक, आणि कोपऱ्यातल्या खोलीतला तो जुना सर्व्हर, ज्यावर स्कॅनची चित्रं साठतात. तो तू लावलेला आहेस. त्यावर हे साधन बसत नाहीये. त्याला काय चालेल एवढंच सांग. दोन ओळी पुरतील.

छोटी


११ जुलै, शुक्रवार

दादा,

पहिलं पत्र मिळालं असेल. वहिनीनं सांगितलं की पाकीट टेबलावर आहे. उघडलंय की नाही ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

जुन्या सर्व्हरशी दोन दिवस झटापट केली. तयार फाइल आणली तर तो म्हणतो, तुझ्या फाइलला हवी तेवढी नवी लायब्ररी माझ्याकडे नाही. मूळ कोडवरून तिथेच बांधायला गेले तर बांधणारा प्रोग्रामसुद्धा म्हातारा. सगळी सिस्टीमच नवी करावी म्हटलं तर चित्रं साठवणारं सॉफ्टवेअर मोडेल, आणि ते लिहिणारी कंपनी केव्हाच गुंडाळली गेलीय. म्हणजे याला पळवताही येत नाही आणि बसवताही येत नाही. मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसते आणि आमचं दोघांचंही काही चालत नाही.

काल पडदा दोनदा गेला. पाचव्या खाटेवर एक शिक्षिका आहेत. अडतिसाव्या वर्षी हृदय दगा देतंय. त्यांचा नवरा बाहेरच्या बाकावर शाळेच्या वह्या तपासत बसतो, तिच्या वर्गाच्या. मला बघून म्हणाला, "तुम्ही त्या कॉम्प्युटरवाल्या बाई ना? रोज येता, बरं वाटतं." त्याला वाटतं मी काळजीनं येते. काळजीनंच येते, पण त्याला वाटते ती ही काळजी नव्हे.

तुला काय वाटत असेल ते मला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी पडदा गेला आणि खाटेवरचे शिंपीकाका दगावले, त्या चौकशीत मला विचारलं तेवढंच मी लिहिलं. एक शब्द जास्त नाही. तुझ्याविरुद्ध मी काहीही लिहिलेलं नाही, दादा, हवं तर तो कागद काढून बघ.

सर्व्हरचं सांग.

छोटी


१६ जुलै, बुधवार

दादा,

आज रिसेप्शन. विंडोजवर हे साधन नुसतं बसून चालत नाही, तारेवरचं ऐकायला आणखी एक ड्रायव्हर लागतो, आणि तो टाकला की मशीन बंद करून चालू करायचं. तीस टेबलं, प्रत्येकासमोर माणसांची रांग, आणि मी मध्येच जाऊन म्हणणार, "दोन मिनिटं उठता का?" नोंदणीवाली म्हणाली, "बाई, तुमची दोन मिनिटं म्हणजे माझ्या रांगेत भांडण." तरी उठली. चांगली आहे.

चार मशीनवर टाकलं आणि ओळी बघितल्या. मग कुठली तार कुठे जाते ते बघायला जिन्याखालची पेटी उघडली.

दादा, रिसेप्शनची तार विभागाच्या तारेला कुठेच जोडलेली नाही. तू ती वेगळी केली होतीस. आतल्या बाजूला तुझ्या अक्षरात चिठ्ठी आहे, तारखेसकट. त्या प्रकाराच्या एक महिना आधीची तारीख. म्हणजे तेव्हाही ती वेगळीच होती. रिसेप्शनवर कुणी काहीही केलं असतं तरी वरच्या पडद्यावर त्याचा परिणाम झाला नसता.

हे कळल्यावर मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. झाडूवाल्या मावशींनी पाणी आणून दिलं. का रडले ते आज लिहीत नाही.

बाकीच्या सव्वीस मशीनवर टाकायची गरज उरली नाही. नोंदणीवालीला फार आनंद झाला.

छोटी


१९ जुलै, शनिवार

दादा,

तुझं पाकीट आलं. ऑफिसच्या पत्त्यावर, घरच्या नाही. पाच मिनिटं उघडलंच नाही. आत एकच कागद. "प्रिय" नाही, नाव नाही, खाली सही नाही. शिंप्याच्या दुकानात माप लिहून देतात तसं:

"त्या मशीनवर काही बांधू नकोस. लागणारं सगळं पोटात घेऊन येईल अशी एकच फाइल दुसऱ्या मशीनवर बांध. पेनड्राइव्हवर ने. तात्पुरत्या फोल्डरमधून चालवू नकोस, तिथून काही चालायला मी बंदी घातली आहे. पासवर्ड अजून माझाच असेल तर लाज बाळग आणि बदल."

शेवटचं वाक्य वाचून मी मोठ्यानं हसले, आणि मग आठवलं की पासवर्ड खरंच तुझाच आहे.

आज दुपारी बसलं. पहिल्याच फटक्यात. आता तो ऐकतोय. आज शनिवार, स्कॅन कमी असतात, ओळी शांत आहेत. सोमवारी सकाळपासून मी त्याच्यासमोर बसणार. मोठ्या सिस्टरांना सांगून ठेवलंय, पडदा गेला की त्या मला फोन लावतील आणि मी फक्त "हो" म्हणेन.

तू कागद लिहिलास. तो वाचून मला काय झालं हे लिहायला गेले तर तू पुढचं वाचणार नाहीस. म्हणून थांबते.

छोटी


२१ जुलै, सोमवार

दादा,

सापडलं. घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर माफ कर.

अकरा पन्नासला पहिली ओळ हलली. एकच पत्ता, स्कॅनच्या खोलीतला. आकडा चढत गेला, चढत गेला, नऊशे चित्रांएवढा झाला आणि थांबला. मी श्वास सोडला. तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू. तोच पत्ता, तेवढाच आकडा, थांबला. पुन्हा सुरू. तिसऱ्या वेळी फोन वाजला. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "गेला!" मी "हो" म्हणायच्याऐवजी धावत सुटले.

स्कॅनवाले काका खुर्चीत बसून डबा उघडत होते. निवृत्तीला आठ महिने राहिलेत त्यांना.

"काका, किती वेळा पाठवलंत?"

"काय किती वेळा? एकदा. डोक्यापासून पायापर्यंतचा होता, मोठा. बटण दाबलं की आपलं काम संपलं."

त्यांच्या मशीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात येत होतं: पाठवत आहे. पोच नाही. पुन्हा पाठवत आहे. त्या अक्षरांकडे आजवर कुणी बघितलेलं नाही, कारण काकांचा चष्मा जवळचा आणि माझी खुर्ची लांबची. एवढी चित्रं घेऊन झाल्यावर जुना सर्व्हर इतका दमतो की "मिळालं" म्हणायला त्याला उशीर होतो. तो बोलेपर्यंत स्कॅनचं मशीन धीर सोडतं आणि सगळं परत पाठवतं. आणि त्या दोघांची तार आणि विभागाची तार एकच आहे. मागच्या महिन्यात नवीन डॉक्टर आले, ते असे मोठे स्कॅन जास्त सांगतात. म्हणून आता रोजचं झालं.

मी तार उपटली. काका ओरडले, "अहो, पेशंटचं आहे ते!" मी म्हटलं, "चित्रं तुमच्या मशीनमध्ये आहेत, कुठे जात नाहीत." आणि वर पळाले.

पडदा परत आला होता. पण पाचव्या खाटेभोवती गर्दी होती. पडदा कोरा असतानाच त्या शिक्षिकेच्या हृदयाचे ठोके बिघडले. टेबलावर कसलाही आवाज झाला नाही. झाला असता कसा? खाटेशी उभी केलेली मुलगी, कामाला लागून तिला चार महिने झालेत, तिनं छोट्या यंत्राकडे बघितलं आणि हाक मारली. डॉक्टर बारा पावलांवर होते. झटका द्यावा लागला. त्या वाचल्या.

वाचल्या, दादा. नवरा बाहेर होता, त्याला नंतर कळलं. लाल पेन तसंच बोटात धरून तो भिंतीला टेकून उभा राहिला.

मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या, "त्या वेळी शिंपीकाकांच्या शेजारी मी कुणी उभं केलं नव्हतं." एवढंच बोलून त्या गेल्या. तीन वर्षं झाली. त्यांनाही तो माणूस सुटलेला नाही.

छोटी


२४ जुलै, गुरुवार

दादा,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. आता न वाचता पाकिटात घालणार आहे.

जुन्या सर्व्हरची जुनी नोंदवही मी काढली. कुणी कधी पुसलेली नाही. शिंपीकाका गेले त्या दिवसाची पानं सापडली. बारा अठ्ठावीसला तुझी कॉपी थांबल्याची नोंद आहे. बारा एकोणचाळीसला एक मोठा स्कॅन यायला लागला, आणि बारा एक्कावन्नपर्यंत तो सात वेळा आला. स्कॅनवाल्या काकांच्या कागदी रजिस्टरमध्ये त्या वेळेला एकच नाव आहे. पडदा गेला बारा एक्केचाळीसला. शिंपीकाका गेले बारा सेहेचाळीसला.

रेकॉर्डची कॉपी भरदिवसा सुरू केल्यामुळे पडदा गेला, असा ठपका तुझ्यावर ठेवला होता. ती कॉपी पडदा जायच्या तेरा मिनिटं आधीच थांबली होती.

आणि हे मला माहीत होतं. नोंदवही बघून नव्हे. त्याच दिवशी. मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. वरून सिस्टरांचा फोन आला, पडदा अडखळतोय म्हणून. तू दोन बोटांनी ती कॉपी तोडलीस, काम थांबलं की येते ती रिकामी ओळ परत आली, तू "चल, गेलं" म्हणालास आणि तारा बघायला खाली तळघरात पळालास. ती रिकामी ओळ मी माझ्या डोळ्यांनी बघितली.

चौकशीत प्रश्न होता, "कॉपी थांबवण्यात आली होती का?" मी लिहिलं, "मला माहीत नाही."

का, ते सांगते. त्याच वेळी मी रिसेप्शनच्या तीस मशीनवर नवीन आवृत्ती पाठवत होते. तुला न विचारता. तू म्हणाला होतास, हे रविवारी करू. मला दाखवायचं होतं की मला एकटीला जमतं. पडदा गेला, आरडाओरडा झाला आणि मला वाटलं, हे माझ्यामुळेच. मी ते बंद केलं आणि त्याची नोंद पुसली. मग जर मी म्हटलं असतं की तुझी कॉपी थांबली होती, तर पुढचा प्रश्न आला असता, मग दुसरं काय चालू होतं? तो प्रश्न येऊ नये म्हणून मी तीन शब्द लिहिले.

मागच्या आठवड्यात जिन्यात का रडले ते आता तुला कळलं असेल. रिसेप्शनची तार वेगळी होती. माझ्यामुळे काहीच झालं नव्हतं. तीन वर्षं मी ती पेटी उघडली नाही. तुझ्या जागी कॉम्प्युटर विभागाची प्रमुख होऊन उघडली नाही. उघडली असती तर कळलं असतं, आणि मला कळून घ्यायचंच नव्हतं. मधल्या काळात दोनतीनदा पडदा थरथरला होता, तेव्हाही मी कागदावर "किरकोळ" लिहून मोकळी झाले. ती किरकोळ गोष्ट सोमवारी एका बाईच्या छातीवर येऊन बसली होती.

मी निर्दोष निघाले असं वाटून मला एक पूर्ण दिवस हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की उलट झालंय. तेव्हा निदान मला भीती होती की खरी चूक माझी आहे. आता तर तेही नाही. कशाच्याही बदल्यात नाही, उगाचच मी तुला बुडवलं.

आज अधीक्षकांना सगळी पानं दिली. त्यांनी वाचली, खूश झाले. म्हणाले, "म्हणजे मशीनचा दोष. तुमच्या भावाच्या फायलीवरचा शेरा काढून टाकू. झालं, मिटलं."

मी म्हटलं, "माझा जबाब खोटा आहे."

ते म्हणाले, "अहो, तुम्ही 'माहीत नाही' लिहिलंय. त्यात खोटं काय? नोंदवही आहे ना आता. तुमच्या जबाबाची गरज कुणाला आहे?"

दादा, मी जवळजवळ निघालेच होते. दाराची कडी हातात होती. कुणालाच कळलं नसतं. तुला फायलीवर न्याय मिळाला असता आणि मला माझी खुर्ची. मग मी परत येऊन बसले आणि त्यांच्यासमोर नवा जबाब लिहिला. दोन पानं. रिसेप्शनचं, नोंद पुसल्याचं, सगळं. ते वाचून त्यांनी कपाळाला हात लावला.

सात ऑगस्टला पुन्हा चौकशी आहे. शिंपीकाकांच्या मुलीलाही बोलावलंय, तिला कळायला हवं म्हणून. तुला रीतसर पत्र येईल. यावंस असं मी म्हणत नाही.

छोटी


९ ऑगस्ट, शनिवार

दादा,

तू त्या खोलीत होतास, म्हणून हे तुला सांगायची गरज नाही. तरी लिहून ठेवते. तिथे माझ्या कानात नुसती घणघण चालू होती, काय ऐकलं ते कागदावर उतरल्याशिवाय माझा विश्वास बसणार नाही.

तू बारीक झालायस. शर्ट तोच निळा होता. तू माझ्या समोरच्या खुर्चीवर बसलास, बाजूच्या नाही, आणि पूर्ण वेळ टेबलाकडे बघत होतास. मी तयारी करून गेले होते, की तू चिडशील, ओरडशील. तीन वर्षं मी असंच धरून चाललेय की तू माझ्यावर रागावून नोकरी सोडलीस आणि शहर सोडलंस. त्या रागाची मला सवय झाली होती. त्याच्याशी कसं वागायचं ते ठरलेलं होतं.

मी जबाब वाचला. मोठ्या सिस्टरांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

मग शिंपीकाकांची मुलगी तुझ्याकडे वळली. माझ्याकडे नाही. "तुम्ही थांबवलं होतंत ना? मग त्या वेळी बोलला का नाहीत? मी तुमच्या दारात येऊन तुम्हाला नाही नाही ते बोलले, तरी तुम्ही मान खाली घालून उभे होतात."

तू टेबलावरचा कागद सरळ केलास. मग म्हणालास, "मला वाटत होतं मी थांबवलं. पण छोटी शेजारी होती. तिनं लिहिलं, माहीत नाही. म्हणजे मीच थांबवलं नसणार, घाईत तसं वाटलं असणार, असं मी धरलं. ती खोटं लिहील हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

दादा, म्हणजे तू रागावून गेला नव्हतास.

तीन वर्षं तू असं समजत होतास की तुझ्या हातून एक माणूस गेला. वहिनी मागे म्हणाली होती की ते कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, वह्यापेनांच्या दुकानात बसतात, मुलाचा मोबाइलही दुरुस्त करत नाहीत. मला वाटलं हट्ट आहे, आणि माझा नंबरही रागानंच बंद केलायस; ती लाज असणार. तुझा तुझ्या हातांवरचा विश्वास गेला होता, आणि तो परत द्यायला माझं एक वाक्य पुरलं असतं. मी पाहिलं, तू थांबवलंस. एवढंच. ते वाक्य माझ्याकडे होतं आणि मी ते तीन वर्षं तोंडात धरून बसले.

ती मुलगी मग माझ्याकडे वळली. तिच्या पदराला टाचण्या टोचलेल्या होत्या. वडिलांचं दुकान आता तीच चालवते. म्हणाली, "बाबा मशीनमुळे गेले, ते मी सोसेन. पण मी तीन वर्षं चुकीच्या माणसाला शिव्याशाप दिले, ते तुमच्यामुळे. त्याचं मी काय करू?"

मी जबाबाची दोन पानं तिच्यापुढे सरकवली.

ती तुझ्यासमोर उभी राहिली आणि हात जोडले. तू पटकन उठलास, तिचे हात धरलेस आणि म्हणालास, "असं नको." तुमच्या दोघांच्या मध्ये मी कुठेच नव्हते, आणि ते बरोबरच होतं.

फाटकाशी मी तुझ्या मागून आले. तू न वळता विचारलंस, "स्कॅनची तार वेगळी केली?"

"केली. बावीस तारखेलाच."

"स्कॅनच्या मशीनची थांबायची वेळ वाढवलीस?"

"वाढवली. पोच मिळायला आता चौपट वेळ दिलाय."

"बरं." मग बस आली. पायरीवर पाय ठेवून तू म्हणालास, "आत्ता काही बोलू नकोस, छोटे. मला मोजायला वेळ लागेल." काय मोजायला, ते तू सांगितलं नाहीस. बस गेल्यावर मी तिथेच उभी होते. मग तिसरी बस येऊन गेली तेव्हा कामावर परत गेले.

छोटी


३१ ऑगस्ट, रविवार

दादा,

निकाल लागला. तुझ्या फायलीवरचा शेरा गेला, आणि माफीचं पत्र तुला मिळालं असेल, अधीक्षकांची सही असलेलं. तुला परत बोलावलंय हेही त्यात आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव. मी त्यावर काही बोलणार नाही.

माझी खुर्ची गेली. दोन पायऱ्या खाली उतरवलं आणि नव्या प्रमुखाच्या हाताखाली दिलं. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे आणि मला "मॅडम" म्हणावं की नाव घ्यावं या पेचात दिवसभर "अहो" वर भागवतो. मी त्याला पहिल्याच दिवशी प्रत्येक प्रकारच्या मशीनवर ते साधन कसं बसवायचं ते बसून दाखवलं, कुठे काय अडेल तेही. तारांचा नकाशा काढून भिंतीवर लावलाय, कुलूप नसलेल्या ठिकाणी.

पडदा एकेचाळीस दिवसांत एकदाही गेलेला नाही. तरी अकरा ते तीन मी वर जाऊन येते. मोठ्या सिस्टर म्हणतात, "अहो, आता कशाला?" मी म्हणते, "सवय." शिक्षिका घरी गेल्या.

शिंपीकाकांच्या मुलीच्या दुकानात मी दोनदा गेले. पहिल्या वेळी तिनं मान वर केली नाही. दुसऱ्या वेळी म्हणाली, "काम असेल तर या, नसेल तर येऊ नका." पुढच्या वेळी काम घेऊन जाईन.

काल वहिनीचं पत्र आलं. चारच ओळी आहेत. लिहिलंय, "परवा दुपारी जेवल्यावर हे खुर्चीत बसल्याबसल्या झोपले. या तीन वर्षांत दिवसा यांचा डोळा लागलेला मी पाहिला नव्हता. आधी घाबरून नाकाशी हात धरून बघितलं. मग खिडकी लावून घेतली आणि दुकानात निरोप दिला, आज येत नाहीत."

दादा, हे पत्र दुपारच्या टपालानं पोहोचेल. तेव्हा तू झोपला असशील तर तुला उठवू नये, असं मी पाकिटावरच वहिनीसाठी लिहिलंय. आत काही घाईचं नाही.

छोटी